रेसिंग सिम्युलेटरसाठी तीन मॉनिटर: आधी डोळा, मग स्क्रीन, शेवटी गेम

तीन मॉनिटर लावलेल्या बहुतेक रिगवर (सीट, पेडल आणि स्टिअरिंगच्या सांगाड्यावर) बसलं की दहा सेकंदांत एक गोष्ट कळते. मॉनिटर उत्तम आहेत, स्टँड मजबूत आहे, पण रस्ता मधल्या स्क्रीनवरून बाजूच्या स्क्रीनवर जाताना मोडतो. पिटची (ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात त्या जागेची) सरळ भिंत बेझलपाशी, म्हणजे स्क्रीनभोवतीच्या चौकटीपाशी, वाकते. शेजारून जाणारी गाडी स्क्रीन बदलताना एकदम लांबुळकी होते. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "बाजूच्या मॉनिटरचा कोन साधारण साठ ठेवलाय, बाकी गेममध्ये डोळ्याला बरं वाटेल तसं केलंय."

घोळ या "साधारण"मध्ये आणि कामाच्या क्रमात आहे. मॉनिटर आधी लावायचे आणि सीट नंतर सरकवायची म्हणजे वरातीमागून घोडं. डोळा कुठे आहे हे पक्कं झाल्याशिवाय अंतर ठरत नाही, अंतराशिवाय कोन ठरत नाही, आणि हे दोन्ही आकडे हातात नसतील तर गेममध्ये काहीही भरा, ते अंदाजपंचेच असणार. खालचे टप्पे म्हणून आहेत त्याच क्रमाने करा.

आधीची तयारी

हाताशी हवं ते असं: मोजपट्टी, न ताणला जाणारा दोरा (लोकर किंवा इलॅस्टिक नको), पाणसळ, कोनमापक, मोठा पुठ्ठा, चिकटपट्टी आणि कागद-पेन. यातलं शेवटचं लोक हमखास टाळतात आणि मग तेच आकडे तीनदा मोजतात.

मॉनिटर अजून घ्यायचे असतील तर तिन्ही एकाच मॉडेलचे घ्या, जमल्यास एकाच वेळी. एकाच आकाराच्या दोन वेगळ्या मॉडेलांची उंची, बेझल आणि रंग जुळत नाहीत. जुना घरात आहे म्हणून तो मधे आणि नवे दोन बाजूला, ही काटकसर रोज डोळ्यांत खुपते.

ग्राफिक्स कार्डाचा हिशेबही आत्ताच करा. १०८० पिक्सेल उंचीचे तीन मॉनिटर म्हणजे ५७६० × १०८०, साधारण ६२ लाख पिक्सेल. १४४० उंचीचे तीन म्हणजे ७६८० × १४४०, साधारण १ कोटी १० लाख. एका ४के स्क्रीनवर सुमारे ८३ लाख असतात. म्हणजे १४४०चे तीन मॉनिटर ४के स्क्रीनपेक्षा एक तृतीयांश जास्त भार टाकतात. शिवाय गेम प्रत्येक स्क्रीनचं चित्र वेगळ्या कोनातून काढत असेल तर प्रोसेसरलाही जास्त काम पडतं. कार्ड जेमतेम असेल तर १०८०चे तीन मॉनिटर घ्या आणि फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) स्थिर ठेवा. ब्रेक कुठे मारायचा हे ठरवताना अडखळणारं सुंदर चित्र काही कामाचं नाही.

खोलीचं मापही घ्या. २७ इंची तीन मॉनिटर ५३ अंशांवर वळवले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण १३२ सेंटीमीटर जागा लागते, आणि बाजूचे पंख तुमच्या दिशेने ४८ सेंटीमीटर पुढे येतात. ३२ इंचींना ५४ अंशांवर हेच आकडे १५५ आणि ५७ होतात. त्या पंखांमधून सीटमध्ये शिरायचं आहे आणि बाहेरही पडायचं आहे, हे विसरू नका.

टप्पा १: बसण्याची जागा गोठवा

मॉनिटर भिंतीला टेकवून ठेवा. आधी सीट, पेडल आणि स्टिअरिंग. ब्रेक पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर मनगट टेकवताना खांदा सीटवरून सुटता कामा नये. एवढं जमल्यावर अर्धा तास एकाच मॉनिटरवर चालवा, कारण पहिल्या पाच मिनिटांत सगळेच ताठ बसतात. खरी बैठक थकल्यावर कळते.

आता सीटच्या रुळावर आणि जमिनीवर चिकटपट्टीने खुणा करा. रिग घरात आणखी कोणी वापरत असेल तर त्यांच्या सीटची वेगळ्या रंगाची खूण करा.

मी पहिल्यांदा रिग लावली तेव्हा हा टप्पा गाळला होता. सगळं काटेकोर मोजून झाल्यावर ब्रेक जड वाटतो म्हणून सीट सहा सेंटीमीटर पुढे घेतली. त्यानंतर दोन महिने ब्रेकिंग पॉइंट का चुकतात याचा शोध पेडलमध्ये घेत होतो.

टप्पा २: डोळ्याचा बिंदू शोधा

चालवताना बसता तसे बसा आणि दुसऱ्या कोणाला तरी तुमच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याची दोन मापं घ्यायला सांगा: जमिनीपासूनची उंची आणि सीटच्या पाठीपासूनचं अंतर. मग सीटमागे एखादी काठी उभी करून किंवा छतापासून ओळंबा सोडून बरोबर त्या जागी गाठ मारलेला दोरा लटकवा. ही गाठ म्हणजे तुमचे डोळे. यापुढची सगळी मापं गाठीपासून घ्यायची, डोक्यापासून नाही. माप घ्यायला वाकलं की डोकं हलतं, गाठ हलत नाही.

तपासणी: परत सीटवर बसा. गाठ दोन्ही डोळ्यांच्या मधोमध, नाकाच्या वर येते का? बाजूला जात असेल तर तुम्ही तिरके बसता. पेडलांची आडवी जागा आत्ताच सुधारा.

टप्पा ३: अंतर ठरवा, कोन काढा

मधला मॉनिटर जितका जवळ आणता येईल तितका आणा. बहुतेकांना तो व्हीलबेसच्या (स्टिअरिंगमागच्या मोटरच्या डब्याच्या) लगेच मागे बसतो आणि डोळ्यापासून ५५ ते ७५ सेंटीमीटरवर येतो. व्हीलबेस स्क्रीनची खालची कड थोडी झाकत असेल तर झाकू दे. तिथे तसाही डॅशबोर्डच असतो.

आता एका स्क्रीनने डोळ्यासमोरचा किती कोन व्यापला ते काढायचं. स्क्रीनच्या रुंदीचा अर्धा भाग घ्या, त्याला अंतराने भागा, कॅल्क्युलेटरवर उलट टॅन (tan⁻¹) काढा आणि दुप्पट करा. २७ इंची स्क्रीन ५९.८ सेंटीमीटर रुंद असते. अंतर ६० असेल तर २९.९ भागिले ६०, म्हणजे ०.४९८. त्याचा उलट टॅन साडेसव्वीस अंश, आणि दुप्पट ५३. उत्तर ०.४६ असं काहीतरी आलं तर कॅल्क्युलेटर रेडियनमध्ये आहे, तो अंशांवर आणा.

नेहमीचे काही आकडे:

- २७ इंची: ५५ सेंमीवर ५७ अंश, ६० वर ५३, ७० वर ४६, ८० वर ४१
- ३२ इंची (रुंदी ७०.८ सेंमी): ६० सेंमीवर ६१ अंश, ७० वर ५४, ८० वर ४८

बाजूचा मॉनिटर मधल्याच्या सरळ रेषेपासून जवळपास एवढाच वळवायचा. बेझलमुळे एखादा अंश वाढतो. "साठ अंश" हा जो आकडा सगळीकडे फिरतो तो ३२ इंची स्क्रीन डोळ्यापासून ६० सेंटीमीटरवर असेल तेव्हा खरा. तुमची तशी नसेल तर तो तुमचा आकडा नाही.

एक बारीक मुद्दा. खोलीत जागा नाही म्हणून कोन ५३ ऐवजी ४५ ठेवावा लागला तर आभाळ कोसळत नाही. तीन स्क्रीनचं खरं गणित करणाऱ्या गेमला तुम्ही खरोखरचा ४५ सांगितलात तर चित्र जुळेल. फक्त बाजूचे मॉनिटर मधल्यापेक्षा थोडे लांब पडतील आणि तिरके दिसतील. मॉनिटर एका कोनात आणि गेममध्ये आकडा भलताच, हे मात्र चालत नाही.

वक्र स्क्रीन असेल तर रुंदी वक्रावरून मोजू नका. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोजपट्टी सरळ ताणा आणि कोनही त्याच सरळ रेषेवरून घ्या. बहुतेक गेम स्क्रीन सपाट धरूनच चालतात, त्यामुळे वक्र मॉनिटरवर थोडी तफावत राहतेच.

टप्पा ४: स्टँड आणि मधला मॉनिटर

स्टँड रिगला जोडलेला असावा की जमिनीवर वेगळा उभा? डायरेक्ट ड्राइव्ह व्हील (थेट मोटरवर बसवलेलं स्टिअरिंग) असेल तर माझं मत वेगळ्याच्या बाजूने. जोडलेल्या स्टँडवर प्रत्येक कर्बला (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्याला) स्क्रीन थरथरते. पण वेगळ्या स्टँडचा तोटा असा की रिगला धक्का लागला तरी अंतर बदलतं, म्हणून रिगचे आणि स्टँडचे पाय जमिनीवर चिकटपट्टीने आखून ठेवा.

मॉनिटरच्या मागची भोकं बहुधा ७५ किंवा १०० मिलिमीटरच्या चौकोनात असतात आणि स्क्रू एम४ लागतो.

सावधान: स्क्रू भोकात किती खोल जातो ते आधी बघा. हाताने सहज फिरायचा थांबला की पान्याने जोर लावू नका. लांब स्क्रू आतून पॅनेल फोडू शकतो. भोकं खोलगट असतील तर मधे नळीचे तुकडे लागतात, ते मॉनिटरच्या डब्यात आहेत का पाहा.

मधला मॉनिटर लावा. डोळ्याची रेषा स्क्रीनच्या मध्यावर किंवा मध्यापेक्षा थोडी वर यावी. व्हीलबेस आड येतो म्हणून मॉनिटर उंच चढवायचा आणि मान वर करून चालवायचं, ही चूक फार दिसते. त्यापेक्षा व्हीलबेस खाली घ्या किंवा स्क्रीनची खालची कड झाकली जाऊ द्या. पाणसळ वरच्या कडेवर ठेवा. मग गाठीपासून डाव्या कडेपर्यंत आणि उजव्या कडेपर्यंत दोरा ताणा. दोन्ही लांब्या सारख्या आल्या तरच मॉनिटर तुमच्यासमोर सरळ आहे.

टप्पा ५: बाजूचे मॉनिटर

पुठ्ठ्याचा साचा करा. कोन ५३ आला असेल तर १८० वजा ५३, म्हणजे १२७ अंशांचं टोक कापा. हे टोक मधल्या आणि बाजूच्या मॉनिटरच्या समोरच्या बाजूने, सांध्यात बसवायचं. पुठ्ठा खालच्या बेझलवर टेकवा, पॅनेलला लावू नका. फोनमधल्या कोनमापकावर मी विसंबत नाही. स्टँडच्या लोखंडाजवळ त्याचा होकायंत्राचा आकडा भरकटतो.

बेझल एकमेकांना भिडवण्याऐवजी बाजूच्या मॉनिटरची आतली कड मधल्याच्या कडेमागे किंचित सरकवता आली तर सांधा अरुंद दिसतो. उंची तिन्हींची एकच हवी. दोन-तीन मिलिमीटरचा फरकही क्षितिजाच्या रेषेवर लगेच दिसतो.

आता दोऱ्याच्या दोन तपासण्या, आणि या टाळायच्या नाहीत:

१. गाठीपासून तिन्ही स्क्रीनच्या मध्यबिंदूपर्यंतची लांबी सारखी आली पाहिजे. पाच मिलिमीटर इकडेतिकडे चालेल.

२. गाठीपासून बाजूच्या एका मॉनिटरच्या डाव्या आणि उजव्या कडेपर्यंतची लांबी सारखी आली पाहिजे. बाहेरची कड लांब भरली तर कोन कमी पडलाय, जवळ भरली तर जास्त झालाय.

मुद्दाम कमी कोन ठेवला असेल तर या लांब्या जुळणार नाहीत. पण डावीकडचे आकडे उजवीकडच्या आकड्यांशी जुळलेच पाहिजेत.

शेवटी चार गोष्टी कागदावर लिहा: दिसणाऱ्या चित्राची रुंदी, बेझलसकट पूर्ण रुंदी, डोळ्यापासूनचं अंतर आणि प्रत्यक्षात बसलेला कोन. ठरवलेला नाही, बसलेला.

टप्पा ६: केबल

तिन्ही केबल ग्राफिक्स कार्डातच जाऊ द्या. मदरबोर्डच्या मागचं पोर्ट मोकळं दिसतं म्हणून एक मॉनिटर तिथे लावला जातो आणि मग तीन स्क्रीन एकत्र का होत नाहीत यावर संध्याकाळ जाते. जमल्यास तिन्हींना डिस्प्लेपोर्टच वापरा. दोन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय चालून जातं, पण रिफ्रेश रेट (स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते तो आकडा) जुळला नाही तर पहिला संशय तिथेच घ्या. एकाचे दोन करणारा साधा स्प्लिटर उपयोगाचा नाही. तो तेच चित्र दोनदा दाखवतो.

केबल थोडी सैल ठेवून स्टँडच्या दांड्याला बांधा. डिस्प्लेपोर्टच्या टोकाला खटका असतो, तो दाबल्याशिवाय ओढू नका.

टप्पा ७: विंडोज

डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक मॉनिटरचा ओळख क्रमांक स्क्रीनवर आणा आणि चौकोन डावा, मधला, उजवा अशा खऱ्या क्रमाने मांडा. वरच्या कडा तंतोतंत एका रेषेत ओढा. एक चौकोन चार पिक्सेल खाली राहिला तर तिन्हींवर पसरलेली खिडकीसुद्धा तेवढी सरकते. मधला मॉनिटर मुख्य करा. तिन्हींचं स्केलिंग (अक्षरं-खिडक्यांचा आकार) सारखं ठेवा, शक्यतो १०० टक्के.

मग प्रत्येकाचा रिफ्रेश रेट वेगवेगळा उघडून बघा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर गुपचूप ६० वर चालत असणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

रंगांसाठी तिन्ही मॉनिटर त्यांच्या स्वतःच्या मेनूतून मूळ सेटिंगवर आणा आणि आपोआप उजेड बदलणारे सगळे पर्याय बंद करा. पूर्ण पडदाभर राखाडी चित्र लावा आणि सर्वांत फिक्या मॉनिटरशी बाकीचे दोन जुळवा. तेजस्वी मॉनिटर खाली आणता येतो, फिका वर नेता येत नाही.

टप्पा ८: तिन्ही एकत्र करायचे की नाहीत

इथे दोन वाटा आहेत, आणि गेमप्रमाणे वाट बदलते.

एनव्हिडियाचं सराउंड किंवा एएमडीचं आयफिनिटी तिन्ही मॉनिटर मिळून एकच रुंद स्क्रीन असल्याचं विंडोजला सांगतं. त्यासाठी तिन्हींचं रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट सारखा ठेवा. दुसरी वाट म्हणजे ड्रायव्हरला (ग्राफिक्स कार्डाच्या सॉफ्टवेअरला) हात न लावता गेमची बिनकडेची खिडकी तिन्हींवर पसरवणं. आयरेसिंग या गेममध्ये हे नीट जमतं, पूर्ण पडदा बंद करून ५७६० × १०८० किंवा ७६८० × १४४० निवडायचं. असेट्टो कोर्सा या गेममध्ये तीन स्क्रीनचा वेगळा पर्याय आहे, पण साधारणपणे आधी सराउंड चालू करून घ्यावं लागतं.

रोजच्या कामालाही हाच संगणक असेल तर सराउंड कायम चालू ठेवू नका. मोठी केलेली प्रत्येक खिडकी तिन्ही स्क्रीनभर पसरते आणि तुम्ही दोन दिवसांत वैतागाल.

सावधान: सराउंडमध्ये बेझलची भरपाई करण्याचा (बेझलमागे येणारा चित्राचा तुकडा गाळण्याचा) पर्याय असतो. गेम स्वतः बेझलचं माप विचारत असेल तर ड्रायव्हरमधली भरपाई बंदच ठेवा. दोन्हीकडे केली की बेझल दोनदा वजा होतो आणि रस्ता सांध्यापाशी उडी मारतो.

टप्पा ९: गेममध्ये आकडे भरा

आता कागद काढा. आधी तीन वेगळ्या कोनांतून चित्र काढण्याचा पर्याय शोधून चालू करा. आयरेसिंगमध्ये तो तीन प्रोजेक्शनचा आहे. हा बंद असेल तर गेम एकच सपाट चित्र १६० अंशांपर्यंत ताणायचा प्रयत्न करतो आणि कडेच्या गाड्या बसएवढ्या लांब होतात. तुम्ही कितीही काटेकोर मोजलेलं असलं तरी तिथे फुकट जातं.

मग रुंदी, बेझल, अंतर, कोन भरा. एकक बघून भरा: मिलिमीटर, सेंटीमीटर की इंच. कोनाच्या बाबतीत गेम वळणाचा कोन मागतोय (५३) की दोन स्क्रीनमधला (१२७), हेही तपासा.

काही गेम तीन स्क्रीनचं गणित करतच नाहीत, फक्त फील्ड ऑफ व्ह्यूचा (दृश्याच्या कोनाचा) एक आकडा मागतात. तिथे तडजोड अटळ आहे. मधली स्क्रीन खरी दिसेल असा आकडा ठेवा आणि कडेचा ताण सोसा. आणि आकडा आडवा मागितलाय की उभा, ते पाहा. आयरेसिंग आडवा धरतं, असेट्टो कोर्सा उभा. २७ इंची स्क्रीन ६० सेंटीमीटरवर आडवी ५३ अंश असते, उभी फक्त ३१. उभ्याच्या जागी ५३ भरलंत तर पुढचं वळण अर्धा मैल दूर असल्यासारखं वाटतं.

बरोबर आकडे भरल्यावर पहिल्या दिवशी वेग कमी वाटेल. चुकीच्या रुंद कोनात कडेची झाडं भर्रकन जातात, त्याची डोळ्यांना सवय झालेली असते. आठवडाभर आकड्यांना हात लावू नका.

टप्पा १०: ट्रॅकवर तपासा

गाडी पिटच्या भिंतीला समांतर उभी करा. भिंतीची वरची कड मधल्या स्क्रीनवरून बाजूच्या स्क्रीनवर एकाच सरळ रेषेत जायला हवी. डोकं गाठीच्या जागी ठेवूनच बघा, पुढे वाकून बघितलं तर बरोबर चित्रही मोडलेलं दिसतं.

रेषा सांध्यापाशी वाकत असेल तर कोन किंवा अंतर चुकलंय. रेषा सरळ असूनही मधेच तुकडा गायब असेल किंवा दोनदा दिसत असेल तर बेझलचं माप चुकलंय. एका बाजूला ठीक आणि दुसऱ्या बाजूला नाही, असं असेल तर गेममध्ये काही बदलू नका. दोरा घेऊन टप्पा ५ वर परत जा.

मग चालवा आणि फ्रेमचा आकडा बघा, रिकाम्या ट्रॅकवर नाही, तर पूर्ण गाड्यांच्या शर्यतीत पहिल्या वळणावर. तिथे आकडा घसरत असेल तर आधी सावल्या आणि आरशातली प्रतिबिंबं कमी करा, रिझोल्यूशनला शेवटी हात लावा. व्हेरिएबल रिफ्रेश (फ्रेमप्रमाणे बदलणारा रिफ्रेश रेट) असलेल्या मॉनिटरवर फ्रेमची मर्यादा रिफ्रेश रेटपेक्षा तीन-चार खाली बांधा.

सगळं जुळल्यावर गेमच्या सेटिंगच्या फाइलची एक प्रत वेगळी ठेवा. ड्रायव्हर बदलला की सराउंडची मांडणी पुसली जाऊ शकते, तेव्हा टप्पा ७ पासून पुन्हा सुरू करा. सीट, व्हीलबेस किंवा स्टँड हलला असेल तर टप्पा २ पासून, म्हणून ती गाठ मारलेली दोरी फेकू नका. रिगच्याच एका नळीला गुंडाळून ठेवा.